आवाज कसा पायजे?

पन्हाळ्याच्या रस्त्यावरचं केर्ली गाव मागे पडलं आणि आईने डावा हात वर नेऊन कानामागचं ऐकण्याचं मशीन काढलं. मग उजव्या कानाचं. दोन्ही पदराने पुसली, निळ्या डबीत ठेवली, डबी पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन शेवटपर्यंत ओढली. बोलली काहीच नाही. मी तिला मावशीच्या फोनबद्दल सांगत होते, ते वाक्य तसंच अर्धं राहिलं. गाडी साठच्या आसपास होती. खालून आठवड्यापूर्वी बसवलेल्या नव्या सायलेन्सरचा घुमारा येत होता. तो कानापेक्षा छातीत जास्त जाणवायचा आणि डॅशबोर्डचं प्लास्टिक त्याच्याबरोबर बारीक थरथरायचं. पन्हाळ्यापर्यंत आई खिडकीबाहेर ऊस बघत बसली. वाघबीळला मी तिला काहीतरी विचारलं, तेव्हा तिने हसून मान हलवली. ऐकू न आलेल्या प्रश्नाला ती देते तीच ही मान.

तो सायलेन्सर मी तिच्यासाठी बसवला होता.

गाडी तिचीच. १९९७ ची मारुती झेन, पांढरी, ९९३ सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन, कार्बोरेटरवालं. आई पन्हाळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. कोल्हापूरहून शिवाजी पूल ओलांडून केर्ली, मग वाघबीळचा चढ, असे वीसेक किलोमीटर जायचे आणि तेवढेच यायचे, सलग वीस वर्षं. आमच्या झेनला आरपीएमचा काटा नाही, आईला त्याची गरजही पडली नाही. इंजिन रडायला लागलं की खालचा गिअर, ओरडायला लागलं की वरचा, एवढंच तिने मलाही शिकवलं. सुट्टीत मी शेजारच्या सीटवर असले की ती म्हणायची, "डोळे मीट आणि सांग, आता कुठला गिअर?" मी सांगायचे. दहातले सात-आठ बरोबर यायचे. धुक्यात वाघबीळच्या वळणावर दहा हातांपुढचं दिसायचं नाही, तेव्हा तिचा पाय, तिचा हात आणि त्या इंजिनाचा सूर यांचं आपापसांत काहीतरी चाललेलं असायचं. मी मध्ये बोलले तर तिचा डावा हात नुसता वर व्हायचा. थांब, ऐकतेय.

२०१७ मध्ये ती निवृत्त झाली. पुढच्या काही वर्षांत आधी शिंजीर गेला. अंगणातल्या जास्वंदीवर तो रोज यायचा, चिवचिवायचा, आणि ती म्हणायची, हल्ली शिंजीर येत नाही. भारद्वाजाचा खोल घुमणारा आवाज मात्र तिला परसातून अगदी स्वच्छ ऐकू यायचा. कानाच्या तपासणीचा आलेख हातात आला तेव्हा ते कोडं सुटलं. रेघ डावीकडे, खर्जाच्या बाजूला, जवळजवळ सपाट होती आणि उजवीकडे वरच्या पट्टीत कड्यावरून उतरावी तशी खाली गेली होती. वयाने कान जातो तो असाच, वरच्या सुरांकडून. स, श, फ असली अक्षरं आधी विरतात. "बोलतात ते ऐकू येतं गं, काय बोलतात ते कळत नाही," असं ती म्हणायची. एका संध्याकाळी मंडईतून आल्यावर तिने गाडीची किल्ली फ्रिजवरच्या वाटीत टाकली आणि तेच वाक्य गाडीबद्दल म्हणाली, "इंजिन चालू आहे एवढं कळतं, काय म्हणतंय ते कळत नाही. आता तूच चालव."

त्या वाटीतली किल्ली मला महिनाभर बघवत नव्हती.

सायलेन्सर सडला तो त्याच सुमारास. तो का सडला हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर वाईट वाटलं, कारण त्यात आमच्या घराचाच हिशेब होता. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. वाफ होऊन ते सायलेन्सरमधून बाहेर पडतं, पण त्यासाठी सायलेन्सरचा डबा चांगला तापावा लागतो. रोज पन्हाळ्याचा चढ चढणारी गाडी आतून कोरडी राहायची. निवृत्तीनंतर ती मंडई, अंबाबाईचं देऊळ, फार तर रंकाळा एवढीच फिरली. डबा कोमट व्हायचा आणि आतलं आम्लाळ पाणी तिथंच साचायचं. त्यात २०१९ च्या ऑगस्टमध्ये रमणमळ्यात पाणी शिरलं तेव्हा गाडी दोन दिवस बंपरपर्यंत गढूळ पाण्यात उभी होती. इंजिन वाचलं. डब्याचं बाहेरूनही जे व्हायचं ते झालं. एक दिवस रंकाळ्यावर स्पीडब्रेकरवरून उतरताना मागे खण्ण झालं आणि गाडी ट्रॅक्टरसारखी बोलायला लागली.

कंपनीच्या नमुन्याचा डबा आणून बसवला असता तर गोष्ट दोन तासांत संपली असती. पण माझ्या डोक्यात आईचं ते वाक्य होतं. तिला गाडी ऐकू येत नाही, तर गाडीचाच आवाज वाढवू, इतका सरळ हिशेब मी केला. रात्र-रात्र व्हिडिओ बघितले. इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डच्या जागी हेडर बसवतात, त्यात चारांतून दोन आणि दोनांतून एक होणारे पाईप असतात नाहीतर चारही एकदम एकात उतरणारे. पाईप पिळवटून वाकवला तर बेंडमध्ये चपटा होतो, म्हणून आतून आधार देऊन गोलाई राखून वाकवावा. स्टेनलेस स्टीलच्या प्रकारांत ३०४ नंबरचं चांगलं. त्याला चुंबक चिकटत नाही, पण स्वस्तातल्या २०२ लाही चिकटत नाही, त्यामुळे खिशात चुंबक घेऊन गेलेल्या माणसाला खात्री काहीच मिळत नाही. ४०९ ला चिकटतं, त्यावर वरवर गंजाची झाक येते, पण ते टिकतं आणि कंपन्या तेच वापरतात. हे सगळं मला पाठ झालं. नवख्या माणसाला शब्द फार लवकर येतात. आपल्याला नेमकं काय हवंय हे त्या शब्दांच्या खाली दबून जातं, आणि माझंही तेच झालं.

हायवेलगतच्या एका दुकानात मी गेले. तिथल्या पोराने गाडीखाली डोकावून विचारलं, "साऊंड पायजे न्हवं?" मी म्हटलं, हो, मोठा पाहिजे, पण कर्कश नको. त्याने दोन इंची पाईप टाकला, मधला छोटा डबा काढून टाकला आणि मागे सरळ आरपार जाणारा ग्लासवूलचा डबा लावला. हेडर नको असं मीच म्हणाले, कारण तोवर पैसे संपत आले होते. गाडी सुरू केली आणि खरंच सांगते, मला आवडलं. तो जड, भरलेला आवाज गल्लीत शिरला की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची गाडी एकदम कुणीतरी झाल्यासारखी वाटायची. सिग्नलला पोरं वळून बघायची. हा आनंद खोटा नव्हता. रात्री साडेदहाला गाडी लावताना समोरच्या घरातलं तान्हं दचकून रडलं, तेव्हा त्या आनंदाला पहिला तडा गेला. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे हे मला माहीत होतं, तरी त्या रडण्याने जे सांगितलं ते आकड्याने सांगितलं नव्हतं. दुसरा तडा न्यू पॅलेसजवळच्या साध्या चढावर गेला. गाडी ओढेना. जिथे आई तिसऱ्यात आरामात जायची तिथे मला दुसरा टाकावा लागत होता. आवाज दुप्पट झाला होता आणि पिकअप कमी.

आणि मग केर्ली, आणि ती निळी डबी.

त्या रात्री आई जेवण झाल्यावर स्वतःहून बोलली. मशीन पुन्हा कानात होतं. शोकेसमधून तिने तिचा नादकाटा काढला, शाळेतल्या मुलांनी निरोपाच्या वेळी दिलेला. टाचेवर हलकेच आपटून त्याचा दांडा तिने जेवणाच्या टेबलावर टेकवला आणि अख्खं टेबल गुणगुणायला लागलं. "अनुनाद," ती म्हणाली, "नववीला किती वर्षं शिकवला." मग तिने वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडलं. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं. मिनिटाला २४०० फेरे धरले तर सेकंदाला ८० ठोके. तो ८० चा सूर पाईपला आणि गाडीच्या पत्र्याच्या पोकळीला नेमका जुळला की अख्खी गाडी त्या टेबलासारखी घुमते. वेग थोडा कमी-जास्त केला की थांबते. पण माणूस रस्त्यावर नेमक्या त्याच वेगाला गाडी धरून ठेवतो. "आणि खर्जाचा आवाज वरच्या आवाजाला झाकतो," ती म्हणाली. "तू बोलत होतीस ते सगळं वरच्या पट्टीतलं. त्या घुमाऱ्याखाली ते बुडून गेलं. मशीन घुमाराही वाढवतं. मग काढून ठेवलं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. गल्लीतले लोक तिच्याशी मुद्दाम ओरडून बोलतात तेव्हा ती त्यांना सांगते, ओरडू नका, स्पष्ट बोला. मी गाडीला ओरडायला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी उद्यमनगरात गेले. तिथल्या एका शेडमध्ये वयस्कर मिस्त्री आहेत. बोर्ड नाही, ट्रकपासून झेनपर्यंत सगळ्यांचे पाईप तिथं होतात. त्यांनी गाडी सुरू करायला लावली, मागे उभे राहिले, धुरापुढे तळहात धरला आणि विचारलं, "ताई, आवाज कसा पायजे?" पहिल्या दुकानातही जवळजवळ हाच प्रश्न होता, पण तिथं त्याचं उत्तर ठरलेलं होतं. इथे मिस्त्री थांबले होते. मी म्हटलं, माझी आई कानाला मशीन लावते, तिला ते न काढता या गाडीत बसता आलं पाहिजे. त्यांनी पोराला ग्राइंडर बंद करायला सांगितलं आणि डावा कान माझ्याकडे करून म्हणाले, "परत सांगा." चाळीस वर्षं लोखंड कापणाऱ्या माणसाला मी दुसऱ्यांदा सांगितलं, सावकाश.

डिकीत आमचा जुना सडका डबा अजून पडला होता. तो त्यांनी जमिनीवर ठेवून लांबीत कापला. ठिणग्या थांबल्यावर झाकण उघडावं तसा वरचा पत्रा उचलला आणि आतून गंजाचे पापुद्रे ओल्या चहाच्या चोथ्यासारखे बदाबदा पडले. वास ओल्या नाण्यांचा. मला वाटत होतं आत एक सरळ नळी असेल. पण आत खोल्या होत्या. तीन खोल्या, मध्ये पत्र्याच्या भिंती, आणि भोकाभोकांच्या तीन आखूड नळ्या, एकीचं तोंड दुसरीला लागत नव्हतं. धूर पहिल्या नळीतून मागच्या खोलीत जातो, तिथून उलटा फिरून पुढच्या खोलीत येतो, मग तिसरीतून बाहेर. आवाजाच्या लाटा त्या भिंतींवर आपटून परततात आणि येणाऱ्या लाटांना भेटून एकमेकींना खातात. कापूस कोंबून आवाज दाबायचा हा प्रकार नव्हे. कुणीतरी कुठला सूर मारायचा आणि कुठला जाऊ द्यायचा याचा विचार करून त्या खोल्यांची लांबी ठरवली होती. मी उकिडवी बसून बराच वेळ बघत राहिले. सत्तावीस वर्षं आईच्या पाठीमागे हे घर हिंडत होतं.

पाईपच्या मापाचं मिस्त्रींनी एका वाक्यात सांगितलं, "पाट रुंद केला की पाणी पसरतंय, शेवटच्या सरीला पोचत न्हाई." मला दहा जणांनी सांगितलं होतं की इंजिनला मागून दाब लागतोच, बॅकप्रेशर नसलं की ताकद जाते. ते तसं नाही. अडथळा कुठल्याच इंजिनला नको असतो. त्याला हवा असतो धुराचा वेग. एका सिलिंडरचा धूर जोरात पुढे पळाला की त्याच्या मागे पोकळी होते आणि ती पुढच्या सिलिंडरमधला जळका वायू ओढून घेते. लहान इंजिनला दोन इंची पाईप लावला की धूर पसरतो, रेंगाळतो, गार होतो आणि ती ओढ मरते. वरच्या आरपीएमला कदाचित थोडं मिळतं, पण मंडईत आणि वाघबीळच्या चढाला ते कामाचं नाही. म्हणजे चढावर गाडी ओढत नव्हती त्याचं कारण मी स्वतः विकत घेतलं होतं. मधला छोटा डबा काढला होता, घुमारा तिथून सुटला. आणि पाईप जोडतात तिथे, फ्लँजपाशी, फट बुजवणारं जुनंच गॅस्केट दाबून बसवलं होतं. त्यातून हवा आत ओढली जायची, म्हणून ॲक्सिलेटर सोडल्यावर मागे फट् फट् व्हायचं. मी ते फट् फट् रुबाबाचं समजत होते.

नियमाचं मी मिस्त्रींना विचारलं नाही, घरी वाचलं. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि आवाज-धुराचे नियम मोडल्यास कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, कैद आणि तीन महिने लायसन्स बाद असं सगळं आहे. आमची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, पुढची पाळी २०२७ ला. जप्त केलेल्या सायलेन्सरच्या रांगेवरून पोलीस रोडरोलर फिरवतात तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय. तेव्हा मला ते जरा जास्तच वाटायचं. आता त्या तान्ह्याचं रडणं आठवतं.

शेवटी बसवलं ते असं: मॅनिफोल्ड कंपनीचाच, फक्त स्टड नवे. त्यातला एक काढताना तुटला, त्यात दुपार गेली. पाईप कंपनीच्याच मापाचा, पण स्टेनलेसचा, गोलाई न मोडता वाकवलेला. मधला डबा परत आपल्या जागी. मागे मूळ नमुन्याचा, खोल्यांचा डबा, ॲल्युमिनियमचा मुलामा असलेल्या पत्र्याचा, आणि त्याच्या सगळ्यात खालच्या कडेला पाणी गळायला बारीक भोक. टांगायची रबरं सगळी नवी, कारण जुनी कडक झाली की थरथर सरळ पत्र्यात चढते. कार्बोरेटर पुन्हा लावून घेतला. आधीच्या गळतीवर कुणीतरी मिक्श्चरमधलं पेट्रोल उगाच वाढवून ठेवलं होतं. पीयूसीला नेली तेव्हा कार्बन मोनॉक्साइड आमच्या जुन्या गाडीला मान्य असलेल्या ३ टक्क्यांच्या पुष्कळ खाली आला. चार दिवसांनी प्लग काढून बघितला, टोक बिस्किटाच्या रंगाचं, म्हणजे पेट्रोल नीट जळत होतं. अपग्रेड म्हणावं असं त्यात स्टीलचा पाईप तेवढाच. दोन इंची पाईप मिस्त्रींकडेच राहिला. तो सोडून येताना मला चुटपुट लागली हेही खरं. अजूनही हायवेवर तसली एखादी गाडी गेली की मान वळते.

रविवारी पुन्हा पन्हाळा. शिवाजी पुलावर पंचगंगा संथ, खाली कपडे धुणाऱ्या बायका. वडणगे फाटा गेला, केर्ली आली. मी रस्त्याकडे बघत होते, पण माझं सगळं लक्ष डाव्या बाजूला, तिच्या मांडीवरच्या पर्सकडे होतं. तिचा हात पर्सवर होता, चेन बंद. केर्ली मागे गेली. मी मावशीच्या फोनची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली आणि तिने मध्येच विचारलं, "मग काय म्हणाली ती?" वाघबीळचा चढ सुरू झाला. मी तिसऱ्यात होते, पुढे एसटी, बोलण्याच्या नादात माझ्या लक्षात आलं नाही. आईचा डावा हात वर झाला. मी गप्प झाले.

"दुसरा टाक," ती म्हणाली. "रडतेय ती."

मी दुसरा टाकला.

गडावरून उतरताना वाघबीळला कणसं घ्यायला थांबलो. गाडी बंद केली, काचा खाली होत्या. कोळशावर दाणे तडतडत होते, बाई पुठ्ठ्याने वारा घालत होती. तेवढ्यात आईने मान किंचित तिरकी केली. "हा कसला आवाज?" मला आधी काहीच ऐकू आलं नाही, मग आलं. गाडीच्या पोटाखालून बारीक टिक्... टिक्... टिक् येत होतं, नखाने वाटीची कड वाजवावी तसं. तापलेला नवा पाईप गार होत आकसत होता. मी तिला सांगितलं. ती दार उघडून बाहेर आली, मागच्या चाकापाशी गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि ऐकत राहिली. कणीसवालीने लिंबू-मीठ-तिखट लावून दोन कणसं पुढे केली. आईने मला हातानेच खूण केली, तू घे. टिक् टिक् मधलं अंतर वाढत चाललं होतं आणि तिला शेवटचं ऐकायचं होतं.